फी माफ झाली, पण पुण्यात राहण्या-खाण्याचं काय? एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. गावात छोटं किराणा दुकान. मोठ्या मुलीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. ओबीसी प्रवर्ग, वार्षिक उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला, त्यामुळे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. कॉलेजचं मुलींचं वसतिगृह भरलेलं आहे. धाकटा मुलगा नववीत. वडील विचारतात, ‘चार वर्षं दरमहा दहा-अकरा हजार कुठून आणायचे? एक एकर विकून पैसे बँकेत टाकावेत का?’

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. एकर विकू नका. मी बँकेत बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाचं काम पाहिलं, आता निवृत्तीनंतर मुलांना आणि पालकांना कागदपत्रांत मदत करते. राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी जमीन विकलेली घरं मी पाहिली आहेत. एकरकमी आलेला पैसा चार वर्षं तसाच टिकत नाही. त्यातून आधी जुनी देणी भागतात, मग लग्नकार्य निघतं, दुकानात माल भरला जातो आणि तिसऱ्या वर्षी मुलीच्या मेसचे पैसे थकतात. शिवाय त्या एकराचं उत्पन्न कायमचं जातं ते वेगळंच.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. फार मोठी गोष्ट झाली ती. पण त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बदलला. पूर्वी विचारायचे, ‘फी कशी भरू?’ आता विचारतात, ‘पोरगी राहील कुठे, खाईल काय?’ तसा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग काढलं, कर्मवीर भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात काढलं, ते याच कारणासाठी. खेड्यातल्या मुलाला शाळेची दारं उघडी असून भागत नाही, त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय लागावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्यांची सोय नव्हती ती मुलं वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी, जेवायची. आज ती वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हिशेब प्रवेशाच्या आठवड्यातच मांडायचा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी अंदाज धरते. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेचं भाडं, महिना 4,500. दोन वेळची मेस 3,600. बस 600. मोबाइल, झेरॉक्स, वह्या 600. साबण, औषध, सकाळचा नाश्ता 1,000. गावी येण्या-जाण्याचे सरासरी 700. झाले 11,000. आता बारकावा बघा. मेस आणि वरखर्च साधारण दहा महिने लागतो, सुट्टीत मुलगी घरी असते. खोलीचं भाडं मात्र बारा महिने द्यावं लागतं, नाहीतर कॉट जाते. म्हणजे खोली 54,000, मेस 36,000, बाकीचं 29,000, वर्षाला 1,19,000. पहिल्या वर्षी डिपॉझिट, गादी, बादली आणि लॅपटॉप धरून आणखी पन्नास-साठ हजार बाजूला काढावे लागतील. दुसऱ्या वर्षापासून हा भार नाही, पण भाडं आणि मेस दरवर्षी थोडी चढते.

हे आकडे पाहून बहुतेक पालक चार वर्षांची बेरीज करतात आणि पावणेपाच-पाच लाख ऐकून हबकतात. अशी बेरीज करून काही हाती लागत नाही. तुमची खरी अडचण पैसा किती यापेक्षा पैसा कधी येतो ही आहे. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, तुरीचे जानेवारीनंतर. मेसवाला मात्र एक तारखेला उभा. आणि प्रवेश, डिपॉझिट, लॅपटॉप हे सगळं येतं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात दमडी नसते, उलट खत-बियाण्याची उधारी असते. म्हणून ज्या खर्चाची जी चाल, त्याच चालीचा पैसा त्याला जोडायचा. दरमहाचा खर्च दरमहाच्या मिळकतीतून, म्हणजे दुकानातून. जेवढं दुकानातून निघत नाही तेवढं पिकाच्या पैशातून, पण तो पैसा हाती येताच बांधून ठेवायचा. आणि उरलेली फट योजना किंवा शैक्षणिक कर्जाने बुजवायची.

दुकानातून महिना चार हजार निघतील असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वर्षाचे 48,000. सोयाबीन विकलं की त्याच आठवड्यात 35,000 ची मुदत ठेव करा, पण एकच पावती करू नका. पाच-पाच हजारांच्या सात पावत्या, एकेक महिन्याच्या अंतराने मुदत संपणाऱ्या. मुदत संपली की रक्कम थेट मुलीच्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेत लेखी देऊन ठेवा. व्याज फार मिळणार नाही, पण घरात लग्न निघालं तरी त्या पैशाला हात लागत नाही. हे झाले 83,000. राहिले 36,000, आणि पहिल्या वर्षीचा लॅपटॉपचा भार.

आता योजनांकडे वळते. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं. तिन्हींचा गाभा सारखा आहे: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आणि गाव सोडून शिकणाऱ्या मुलाला भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता रोखीने खात्यात. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत शिकत असेल तर वर्षाला 60,000; इतर महापालिका शहरांत 51,000; जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. आधार योजनेत प्रत्येक जिल्ह्याला 600 जागांची मर्यादा ठरली आहे, त्यामुळे गुणवत्ता यादी लागते. ज्यांना यातलं काही लागू होत नाही, पण जे अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर आहेत, त्यांच्या मुलांनी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहावी. यांपैकी एकाच योजनेचा लाभ घेता येतो.

इथे तीन गोष्टींवर पोरं अडकतात आणि वर्ष वाया जातं.

पहिली, भाडेकरार. मूल भाड्याने राहतं याचा पुरावा लागतो, आणि कॉट बेसिसवाले मालक करार द्यायला टाळाटाळ करतात. डिपॉझिट दिल्यावर तुमचा जोर संपतो. म्हणून पैसे हातात असतानाच विचारा, ‘करारनामा आणि दरमहा पावती मिळेल का?’ ‘नाही’ म्हणाले तर पाचशे रुपये जास्त मोजून दुसरी खोली घेतलेली परवडते, कारण त्या कागदावर साठ हजार अवलंबून आहेत. आणखी एक. महिना वीस हजारांपर्यंतचं भाडं असेल आणि सलग किमान 90 दिवस राहणार असाल तर वसतिगृहाच्या अशा मुक्कामावर 2024 पासून जीएसटी लागत नाही. कुणी पावतीत तो लावला तर विचारायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट आधार कार्ड जोडलेलं खातं. सरकारी पैसा खाते क्रमांकावर नव्हे तर ज्या खात्याला आधार शेवटचा जोडला गेला त्या खात्यात जातो. गावातल्या शाखेत दहावीला असताना काढलेलं शून्य शिल्लक खातं असतं. पुण्यात गेल्यावर कॉलेजजवळच्या बँकेत दुसरं खातं निघतं आणि तिथला कर्मचारी आधार त्याला जोडतो. किंवा उलट, आधार जुन्याच खात्याला राहतं आणि ते व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं. ‘अर्ज मंजूर दिसतो, पैसे आले नाहीत’ अशी तक्रार घेऊन मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी हेच तपासायला लावते. मुलीचं एकच खातं ठेवा, तेच आधारला जोडा, आणि त्यात महिन्यातून एक तरी व्यवहार होऊ द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. योजनेचा पैसा मेसच्या हिशेबात धरू नका. तो मिळतो, पण कधी मिळेल हे सांगता येत नाही. दोन हप्ते पुढच्या वर्षी एकदम आलेले मी पाहिलेत. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, हजेरी पाहिली जाते, वर्ष गेलं तर भत्ता थांबू शकतो. म्हणून तो पैसा आला की त्यातून कर्ज फेडायचं किंवा पुढच्या वर्षाच्या भाड्याची ठेव करायची. साठ हजार येणार या भरवशावर मुलीने उधारीवर जेवायचं, हे होऊ देऊ नका. अन्नाच्या बाबतीत मुली फार सोसतात आणि घरी सांगत नाहीत. रात्रीची मेस बंद करून बिस्किटावर झोपणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग 36,000 ची फट आणि लॅपटॉप यासाठी शैक्षणिक कर्ज. इथे तुमच्यासारख्या घरांचा एक पक्का समज असतो, की फी माफ आहे तर कर्ज मिळणार नाही. तसं नाही. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत वसतिगृह, भोजन, पुस्तकं, संगणक हे खर्चही बसतात; बाहेर राहत असेल तर वाजवी भाडं आणि जेवणखर्चही धरता येतो. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार होतात. तुमची जमीन गहाण मागायचं कारणच नाही.

अर्ज करताना चारही वर्षांचा राहण्या-खाण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहा. बहुतेक जण फक्त लॅपटॉपचे पैसे मागतात आणि तिसऱ्या वर्षी वाढीव रकमेसाठी पुन्हा शाखेच्या पायऱ्या झिजवतात. मंजुरी अडीच-तीन लाखांची घ्या, उचल गरजेपुरती करा. व्याज मंजूर रकमेवर लागत नाही, उचललेल्या रकमेवर लागतं. ज्या वर्षी सोयाबीन बरं झालं त्या वर्षी उचलू नका. मात्र कॉलेजकडून खर्चाच्या अंदाजाचं पत्र घ्या, त्यात वसतिगृह आणि भोजनाचा आकडा लिहून मागा. वसतिगृहात जागा नसली तरी कॉलेज हा अंदाज देऊ शकतं, आणि शाखेतला माणूस त्या कागदावर विश्वास ठेवतो.

व्याजाचं गणित नीट समजून घ्या, कारण भीती तिथेच असते. समजा दरवर्षी 60,000 उचलले, व्याज दहा टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र सरळ पद्धतीने साठत जातं. पाच वर्षांत ते 84,000 होतं. म्हणजे 2,40,000 चे 3,24,000 होतात आणि सात वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 5,400. तेच व्याज दरमहा भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना 500, दुसऱ्या वर्षी 1,000, तिसऱ्या वर्षी 1,500, नंतर 2,000; आणि मुलीच्या नोकरीनंतरचा हप्ता चार हजारांच्या आत राहतो. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात.

पण तुमच्या बाबतीत हे व्याजही भरावं लागू नये. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, संस्थेला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन (दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) असेल आणि कर्ज आदर्श योजनेतलं असेल, तर शिकण्याच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. कॉलेजचं मानांकन आणि त्याची मुदत प्रवेशाआधीच तपासा. उत्पन्नाचा दाखला कर्ज मंजूर होतानाच शाखेत द्या आणि ‘व्याज अनुदानासाठी’ असं अर्जात लिहा, कारण मागणी बँकेला करावी लागते. कागद फाइलमध्ये नसेल तर तुमचं नाव यादीत जात नाही. मुलीने मधेच शिक्षण सोडलं तर हा लाभ जातो, हेही तिला माहीत असू द्या. उत्पन्न याहून जास्त पण आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे; तिथे दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत मिळते, पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे आणि तुमचं कॉलेज त्या यादीत असावं लागतं.

सोनं गहाण ठेवायचं का, असंही तुम्ही विचारलंत. ऑगस्ट ते नोव्हेंबर या तीन-चार महिन्यांची नड भागवायला, बँकेतून, आणि सोयाबीन विकल्याबरोबर सोडवायचं या बोलीवर, हरकत नाही. चार वर्षांच्या खर्चासाठी नको. दरवर्षी फक्त व्याज भरून पावती नवी करत राहिलात तर दागिना कधी सुटतच नाही. खाजगी सावकार आणि मोबाइलवरची झटपट कर्जं या दोन्हींपासून लांब राहा, आणि मुलीलाही हे सांगून ठेवा. खोलीचं भाडं थकलं की शहरातली मुलं घरी कळू नये म्हणून पहिल्यांदा त्या ॲपकडे वळतात.

मुलीच्या नावे सुकन्या खातं असेल तर अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. पण ती प्रवेशपत्रात किंवा फीच्या पावतीत दाखवलेल्या रकमेपुरतीच. बाहेरची खोली आणि मेस त्यात धरत नाहीत. तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात पुढच्या वर्षी जागा मिळाली तर हा पैसा उपयोगी पडेल.

खर्च कमी करायचा तो कुठे, याबद्दल माझं ठाम मत आहे. पहिल्या वर्षी खोली आणि मेस यांत काटकसर करू नका. नवं शहर, नवा अभ्यास, प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत. त्यात पहाटे उठून स्वयंपाक करायला लावलं तर पहिल्याच सत्रात विषय राहतात. दुसऱ्या वर्षी ओळखी झाल्या की चार मुली मिळून फ्लॅट घेतात, स्वयंपाकाला बाई ठेवतात, आणि तेव्हा तुमच्या शेताचा खरा उपयोग होतो. घरची तूरडाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, दुकानातलं तेल-साखर महिन्यातून एकदा पोचवलं तर जेवणाचा रोख खर्च बराच खाली येतो. चौघींपैकी दोघींच्या घरून धान्य आलं तरी सगळ्यांचं भागतं. याशिवाय पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था 1955 पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय देते. तिथे मुलाखत होते, जागा मर्यादित असतात, पण अर्ज जरूर करा. आणि विद्यापीठात आणि अनेक महाविद्यालयांत कमवा आणि शिका योजना आहे. तिची चौकशी मुलीने स्वतः विद्यार्थी विकास कक्षात करावी. पहिल्या सत्रात नको, अभ्यासाचा अंदाज आल्यावर.

पैसे कसे पाठवायचे? एक तारखेला, ठरलेली रक्कम, न मागता. मुलीला दर महिन्याला फोन करून पैसे मागावे लागले की ती गरजेच्या गोष्टीही टाळायला लागते. हल्ली यूपीआय सर्कलमधून मुलीचा प्रत्येक खर्च वडिलांच्या फोनवर मंजुरीला येईल अशी सोय आहे. मी ती सुचवत नाही. अठरा वर्षांच्या मुलीला चहाच्या पैशासाठी परवानगी मागायला लावून काटकसर शिकवता येत नाही. त्यापेक्षा वर मांडला तसा हिशेब तिच्यासमोर बसून करा. दुकानातून किती येतात, पिकाचे किती, कर्ज किती आणि ते फेडायचं कुणी, सगळं. कर्ज तिच्या नावावर असणार आहे, तिला आकडा माहीत असणं हा तिचा हक्क आहे. खात्यात दोन महिन्यांच्या मेसइतकी रक्कम कायम राहू द्या, आजारपण आणि परीक्षेच्या काळात ती कामी येते.

कराबद्दल एकच ओळ: तुम्ही मुलीला पाठवलेल्या पैशावर तिला कर लागत नाही, रक्कम कितीही असो. नोकरदार पालकांनी मात्र लक्षात ठेवावं, की जुन्या कर-पद्धतीतल्या वजावटीत फक्त ट्यूशन फी बसते, वसतिगृह आणि मेस नाही. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावटही त्याच पद्धतीत मिळते, भरणं सुरू केल्यापासून आठ वर्षं.

धाकट्यासाठी आजपासून बँकेत महिना हजाराचं आवर्ती खातं काढा. तो नववीत आहे. बारावी होईपर्यंत पहिल्या वर्षाचं डिपॉझिट आणि लॅपटॉप निघेल. इतक्या कमी मुदतीसाठी शेअर बाजाराच्या वाटेला जाऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आता या आठवड्यात करायचं ते सांगते. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि अल्पभूधारक प्रमाणपत्र ताजं करून घ्या. मुलीच्या खात्याला आधार जोडलंय का, ते शाखेत विचारा. कॉलेजकडून खर्चाचं पत्र मागवा आणि कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून (शैक्षणिक कर्जाच्या अर्जांसाठीचं सरकारी संकेतस्थळ) भरा, म्हणजे त्याची नोंद राहते. शाखेत ‘फी माफ आहे, कर्ज कशाला?’ असं म्हणाले तर वाद घालू नका, राहण्या-खाण्याच्या खर्चाचा अर्ज आहे एवढंच सांगा. तरीही नाही म्हणाले तर नकाराचं कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर शाखा पुन्हा एकदा अर्ज वाचतात, हा माझा अनुभव आहे. तो कागद मिळाला तर माझ्याकडे पाठवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.